व्हीकार्व्ह प्रो आणि लाटांचं पॅनल: पैसे वसूल झाले का, सांगतो

गेल्या दिवाळीच्या दीड महिना आधी एक गिऱ्हाईक आलं, हॉलमधल्या टीव्हीच्या मागची भिंत करायची होती, आणि मोबाईलवर एक फोटो धरला माझ्या पुढ्यात. पांढरं मॅट पॅनल, त्यावर आडव्या लाटा एकाखाली एक, वरून लाईट सोडलेली. म्हणे अगदी असंच पाहिजे. मी म्हटलं होतंय की, त्यात काय, मशीन आहे आपल्याकडं. आणि मशीन खरंच होतं, आठ बाय चार फुटी सीएनसी राऊटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाईलीवर लाकूड कोरणारं मशीन, बिट फिरवणारा तीन किलोवॅटचा स्पिंडल, मशीन हाकायचं डीएसपी हँडल, सगळं. फक्त त्या लाटा काढायच्या कशात ते ठरलेलं नव्हतं, कारण तोपर्यंत माझं निम्मं काम म्हणजे जाळी कटिंग, ओम, स्वस्तिक, नेमप्लेट, आणि ते सगळं कुणाकडून तरी आलेल्या तयार फाईलीवर चालायचं.

आता ह्याच्यावर लिहायचं कारण असं की गेल्या आठ-नऊ महिन्यांत मी लाटांची बरीच पॅनल केली आणि आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातले दोघं-तिघं येऊन विचारून गेले की राऊटरच्या फाईली बनवायला ॲस्पायर सॉफ्टवेअर घेऊ का व्हीकार्व्ह घेऊ का फुकटातलं काही बघू. प्रत्येकाला चहाबरोबर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी एक कबुली देतो. मशीन घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं एका पेनड्राईव्हवर सॉफ्टवेअरांचा ढीग भरून दिला होता. आर्टकॅम, ॲस्पायर, अजून काय काय, सगळी क्रॅक. सोबत सूचना, की अँटीव्हायरस बंद करून टाका. दोन वर्षं तेच वापरलं, खोटं कशाला बोलू. मधेच बंद पडायचं, फाईल उघडायची नाही, आणि एकदा तर अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट मारायला लागला, त्यात सहा महिन्यांच्या फाईली गेल्या. आर्टकॅमचं तर असं आहे की ते ऑटोडेस्कनं २०१८ मध्येच बंद करून टाकलं, त्याच्यातनं पुढं कार्व्हेको निघालं, पण आमच्याकडं अजून तीच जुनी क्रॅक पोरांना शिकवतात. व्हीकार्व्ह आणि ॲस्पायर बनवणारी व्हेक्ट्रिक ही इंग्लंडची कंपनी, २००५ ची, सुरू करणारी माणसं मूळची आर्टकॅमवालीच, म्हणून ज्याचा हात आर्टकॅमवर बसलाय त्याला व्हीकार्व्ह उघडलं की फार परकं वाटत नाही. डावीकडं चित्र काढायची हत्यारं, उजवीकडं टूलपाथ, म्हणजे बिटनं कुठनं कसं फिरायचं तो रस्ता, मधे पत्रा. म्हणजे शीट. आमच्यात पोरं शीटला पण पत्राच म्हणतात.

किमतीचं सांगतो. व्हीकार्व्ह प्रो सातशे-आठशे डॉलरच्या घरात आहे आणि ॲस्पायर दोन हजार डॉलरच्या आसपास. वर बँक परदेशी व्यवहाराचे पैसे लावते ते वेगळेच. पण हे महिन्याच्या भाड्याचं प्रकरण नाही, एकदा घेतलं की घेतलं, वर्षभर नवीन आवृत्ती फुकट मिळते, त्याच्यापुढं पाहिजे असेल तर पैसे भरून घ्यायची, नको असेल तर आहे ते चालवत बसा, बंद पडत नाही. मला हे लई पटलं, कारण हप्ता म्हटलं की आमच्या आबांचं तोंड वाकडं होतं. व्हीकार्व्ह डेस्कटॉप म्हणून अजून स्वस्तातलं पण आहे, पण त्यात कामाचा आकार साधारण दोन फुटी चौकोनापर्यंतच, मोठं काम असेल तर तुकडे पाडून करा. आठ बाय चार चालवणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. आणि हे सगळं फक्त विंडोजवर चालतं. मॅकवाल्यांनी दुसरी सोय बघावी.

घ्यायच्या आधी ट्रायल उतरवून घ्या, ती फुकट आहे आणि मुदत संपायची भानगड नाही. सगळं करून बघता येतं, लाटा काढा, टूलपाथ लावा, थ्रीडी प्रिव्ह्यू बघा, फक्त मशीनला द्यायची फाईल सेव्ह होत नाही, त्यांनी दिलेल्या नमुन्याच्या फाईली सोडून. मी पंधरा दिवस रोज रात्री जेवून झाल्यावर बसायचो. बायको म्हणायची गेम खेळतोयस काय.

आता लाटांवर येतो, त्यासाठीच एवढं रामायण.

व्हीकार्व्ह प्रोमध्ये एक हत्यार आहे, व्हेक्टर टेक्स्चर. एक चौकोन निवडायचा, हे हत्यार उघडायचं, आणि मग रेषांचा कोन किती, दोन रेषांत जास्तीत जास्त अंतर किती, अंतरात कमीजास्तपणा किती, लाटेची उंची किती, लाटेची लांबी कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, आणि नॉइज, म्हणजे वेडेवाकडेपणा किती, एवढं भरायचं. अर्ध्या मिनिटात अख्खा पत्रा रेषांनी भरून टाकतं. नॉइज आणि कमीजास्तपणा शून्यावर ठेवला तर शिस्तीतल्या रेषा येतात, आणि थोडा थोडा वाढवत नेलं की वाळूवर वारा फिरल्यासारखं होतं, अजून वाढवलं की सागवानाच्या फळीवरच्या तंतूंसारखं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच खुर्चीत मागं टेकलो. हेच जर हातानं एक एक रेष ओढत बसलो असतो तर दोन दिवस गेले असते.

पण त्याचा एक स्वभाव आहे तो माहीत पाहिजे. रेषा एकदा तयार झाल्या की त्या साध्या रेषा, मागची आकडेमोड त्यांना चिकटून राहत नाही. म्हणजे गिऱ्हाईक म्हणालं अंतर जरा वाढवा, तर पुसा आणि परत करा. म्हणून मी आकडे वहीत लिहून ठेवतो, नाहीतर त्याच फाईलीत एका बाजूला अक्षरांत टाकून ठेवतो, वेगळ्या लेयरवर. हे करा राव, नाहीतर दोन महिन्यांनी तोच माणूस बेडरूमला पण तेच डिझाईन मागतो आणि आपण डोकं खाजवत बसतो.

दुसरं म्हणजे, त्या फोटोतल्यासारख्या एकसारख्या लाटा, सगळ्या रेषा एकमेकींची झेरॉक्स असल्यासारख्या, त्यासाठी मला हे हत्यार तितकं आवडलं नाही. तिथं एकच लाट नीट काढायची आणि ॲरे कॉपीनं, म्हणजे ठराविक अंतरावर कॉप्या मारत, खाली खाली उतरवत न्यायची, हे बरं पडतं. आता ती एक लाट काढायची कशी, तर मी पहिल्यांदा आर्क हत्यारानं काढली. १०० मिमी रुंद आणि २० मिमी उंच एक कमान, तिला उलटी करून पुढं जोडली, झाली एक लाट २०० मिमीची, तीच पुढं पुढं जोडत गेलो. दिसायला झकास. सांध्यावर कुठं खटका नाही. मग १२ मिमी अंतरावर खाली शंभर कॉप्या मारल्या, गोल टोकाचा अर्धा इंची बॉलनोज बिट लावला, खोली ३ मिमी, दिलं मशीनला.

आणि इथं माझा पोपट झाला.

पॅनल निघालं, प्रायमर झाला, डुको पेंट झाला, वर्कशॉपच्या ट्यूबलाईटमध्ये सगळं छान. भिंतीला लावलं, वरून एलईडी प्रोफाईल लाईट सोडली, आणि लाटांच्या प्रत्येक चढावर-उतारावर काळपट उभे पट्टे दिसायला लागले. शिखरावर आणि खळग्यात रेषा रुंद, सपाट डोक्याच्या, आणि मधल्या तिरक्या भागात डोकं गायब, धारदार कड आणि ती पण खाली बसलेली. गिऱ्हाईक म्हणालं हे मधे मधे सावल्या कसल्या. मी म्हटलं डिझाईनच आहे. तो भला माणूस, काही बोलला नाही, पण मला रात्रभर झोप नाही.

चूक माझीच होती आणि ती शाळेतल्या भूमितीची होती. तुम्ही रेष सरळ खाली १२ मिमी सरकवली की शिखरावर दोन रेषांतलं अंतर १२ राहतं, पण जिथं रेष तिरकी धावते तिथं दोन रेषांमधलं खरं, काटकोनातलं अंतर कमी होतं. जितका चढ उभा तितक्या रेषा जवळ. माझी कमानीची लाट मधोमध जवळजवळ ४४ अंशांत चढत होती. तिथं १२ मिमीचं झालं ८.७. आणि अर्धा इंची बॉलनोज ३ मिमी खोल गेला की १०.८ मिमी रुंद खाच पाडतो. म्हणजे शिखरावर दोन खाचांच्या मधे सव्वा मिमीची सपाट पट्टी उरली आणि चढावर खाचा एकमेकींत घुसल्या, मधली कड वरच्या पातळीपासून सव्वा मिमीनं खाली गेली. सव्वा मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वरून तिरपी लाईट पडली की ते सव्वा मिमी सव्वा फुटासारखं दिसतं.

आता गंमत सांगतो, हे सगळं सॉफ्टवेअर मला आधीच दाखवत होतं. थ्रीडी प्रिव्ह्यूत अगदी स्पष्ट. मी वरनं सरळ बघितलं, खूश झालो, पुढं गेलो. चित्र जरा कलतं करून, चढाच्या बाजूनं जवळ जाऊन बघितलं असतं, आणि जॉब सेटअपमध्ये रिझोल्युशन वाढवून प्रिव्ह्यू काढला असता, तर तिथंच कळलं असतं. ह्या सॉफ्टवेअरच्या पैशांतले निम्मे पैसे त्या प्रिव्ह्यूचे आहेत असं माझं आता मत झालंय. एमडीएफचा पत्रा, पेंट, मजुरी, सगळं वाया जायच्या आधी फुकटात बघता येतं, आणि तरी आपण बघत नाही.

दुसऱ्या वेळी लाट बदलली. कमानी जोडण्याऐवजी खरी साईन लाट घेतली, तिचा चढ जरा नरम असतो. तीच २०० लांबी आणि २० उंची घेतली तर सगळ्यात उभा चढ ३२ अंशांच्या आसपास येतो, १२ चं १०.२ होतं, म्हणजे अजून पण खाचा भिडतातच, कड अर्ध्या मिमीला जरा कमी एवढी खाली बसते. मग उंची अर्धी केली, १० मिमी. आता चढ साडेसतरा अंश, अंतर ११.४ च्या वर, खाच १०.८, सगळीकडं पट्टी शाबूत. तेव्हापासून माझा साधा हिशोब, लाटेची उंची मधल्या रेषेपासून मोजायची आणि ती लांबीच्या विसाव्या भागापेक्षा जास्त करायची नाही, करायचीच असेल तर रेषांतलं अंतर वाढवायचं. गिऱ्हाईकाला उंच लाटच पाहिजे असेल तर १४ मिमी अंतर धरतो, मग २० उंचीची साईन लाट पण निभावते. आणि कुणाला कड मुद्दाम खालीवर व्हायला पाहिजे असेल, तसं पण एक इंटिरिअर डिझायनर बाई मागून घेऊन गेल्या, तर मग ती गोष्ट वेगळी, पण आधी ठरवून करायची, माझ्यासारखी चुकून नाही.

कुणी म्हणेल ऑफसेट का नाही मारला. ऑफसेटनं काटकोनातलं अंतर सगळीकडं सारखं राहतं, बरोबर. पण ऑफसेट खाली खाली नेत गेलं की एका बाजूची शिखरं टोकदार होत जातात आणि दुसऱ्या बाजूची पसरट. २०० लांबी, २० उंचीच्या साईन लाटेला शिखरावर ५० मिमीच्या आसपास त्रिज्या असते, म्हणजे पाच सेंटिमीटर ऑफसेट गेला की गोलाई संपली, पुढं टोक. चार-पाच रेषांचं काम असेल, आरशाची चौकट वगैरे, तर ऑफसेट सुंदर दिसतो. अख्ख्या भिंतीला नाही चालत.

साईन लाट व्हीकार्व्हमध्ये सूत्र टाकून काढायचं बटण मेनूत मला सापडलं नाही, हा एक कमीपणा धरा. मी ती इंकस्केपमधनं आणतो. इंकस्केप फुकट आहे, त्यात एक्स्टेंशनमध्ये फंक्शन प्लॉटर म्हणून आहे, चौकोन निवडायचा, साईनचं सूत्र टाकायचं, रेष हजर. तिथनं एसव्हीजी काढून व्हीकार्व्हमध्ये इम्पोर्ट. फक्त आणल्यावर पहिल्यांदा माप घेऊन बघा. इंकस्केपनं ०.९२ आवृत्तीपासून एका इंचात ९० ऐवजी ९६ ठिपके धरायला सुरुवात केली, त्यामुळं जुन्या-नव्याच्या भानगडीत रेष सहा-सात टक्के लहानमोठी होऊ शकते, आणि लाटेत सहा टक्के डोळ्यांना कळत नाहीत, दोन पत्रे शेजारी लावल्यावर कळतात. आणल्यावर रेषेत जोडबिंदू खूप असतील तर फिट कर्व्हज म्हणून हत्यार आहे, त्यानं रेष मोजक्या आर्कमध्ये बसवून घ्यायची. हे का करायचं, तर रेष बारीक बारीक सरळ तुकड्यांची असली की डीएसपी हँडल प्रत्येक तुकड्यावर अडखळतं, मशीन थरथर कापतं आणि खाचेत शिवणीसारखे डाग पडतात. आर्क दिले की लोण्यासारखं फिरतं. आमच्या ऑपरेटर पोराला हे आवाजावरून कळतं, तो लांबनंच ओरडतो, दादा फाईल खडबडीत आहे.

टूलपाथचं म्हणाल तर लाटांना तीन पर्याय मी आलटून पालटून वापरतो. एक साधा प्रोफाईल, रेषेवर, ठराविक खोली. दुसरा फ्लुटिंग, आणि हा माझा सगळ्यात लाडका, कारण ह्यात खाच सुरुवातीला आणि शेवटी हळूहळू वर येते, म्हणजे रेष पत्र्याच्या कडेला कापल्यासारखी न संपता विरून जाते. उतार किती लांबीचा, सरळ का गुळगुळीत, ते ठरवता येतं. टोकदार व्ही बिट लावून फ्लुटिंग केलं तर अजून मजा, कारण ९० अंशांच्या व्ही बिटची खाच खोलीच्या दुप्पट रुंद असते, खोली कमी होत गेली की रेष आपोआप बारीक होत जाते, जणू बोरूनं लिहिलंय. ६० अंशांचा बिट असेल तर रुंदी खोलीपेक्षा जेमतेम जास्त. देवघराच्या मागच्या फळीला मी असंच केलं होतं, समईच्या उजेडात ते जे काय दिसतं ना. आबांनी हात फिरवून बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाले, पटाशीनं चार दिवस लागले असते. आबांच्या तोंडून हे म्हणजे पाच स्टार.

तिसरा टेक्स्चर टूलपाथ, त्याच्यात रेषा काढायच्या पण नाहीत, तोच तुटक तुटक खाचा पाडतो, हातानं ताशीव काम केल्यासारखं. लाटा नाहीत म्हणता येणार त्याला, पण लाटांच्या मधे एखादा पट्टा त्याचा टाकला की बरं दिसतं. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

ज्यांना मोठी भिंत करायचीय त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण दुसऱ्या ऑर्डरीत तिथं थोडक्यात वाचलो. पत्रा २४४० बाय १२२० चा येतो. त्यावर २०० मिमीची लाट टाकली तर १२ लाटा आणि वर ४० मिमीचं शेपूट उरतं. शेजारच्या पत्र्यावर तीच फाईल चालवली की सांध्यावर लाट तुटते, इकडची शिखराकडं निघालेली, तिकडची शून्यावर. म्हणून मी आता पत्रा आधी २४०० बाय १२०० ला कापून घेतो. लांबीत बरोबर १२ लाटा, रुंदीत १२ मिमीच्या बरोबर १०० रेषा, पहिली रेष कडेपासून ६ मिमीवर, आणि १० उंचीची लाट कडेपलीकडं जाते म्हणून वर-खाली कडेबाहेर एकेक जादा रेष. चारी बाजूंनी कितीही पत्रे जोडा, सांधा फक्त बारीक रेघ म्हणून दिसतो, लाट पुढं चालत राहते. सॉफ्टवेअरमध्ये दोन कॉप्या शेजारी ठेवून बघायला एक मिनिट लागतं, ते एक मिनिट काढा.

वेळेचा हिशोब पण सांगतो म्हणजे कोटेशन देताना फसणार नाही. अशा एका पत्र्यावर १०० रेषा, लाटेमुळं प्रत्येक रेष थोडी लांब होते, एकूण अडीचशे मीटरच्या आसपास खाच. ४ मीटर मिनिटाला फीड, म्हणजे बिट पुढं सरकायचा वेग धरला, १८,००० आरपीएम, दोन धारांचा बिट, तर नुसतं कापायला तास. वर प्रत्येक रेषेला उचलणं, मोकळं परत येणं. सॉफ्टवेअर वेळेचा अंदाज दाखवतं पण तो सुरुवातीला आशावादी असतो, कारण वळणांवर मशीन हळू होतं ते त्याला आपोआप कळत नाही. तिथं एक स्केल फॅक्टर असतो, दोन-तीन कामांचा खरा वेळ घड्याळावर धरून तो आकडा बसवून घ्या, मग अंदाज बऱ्यापैकी खरा येतो. आणि रेषांच्या सुरुवातीच्या बाजू बघा, सगळ्या डावीकडनंच सुरू होत असतील तर मशीन शंभर वेळा रिकामं परत धावतं. एकाआड एक रेषेची दिशा फिरवून घेतली की ती धावाधाव वाचते. मी पहिल्या महिन्यात हे बघितलंच नव्हतं, लाईट बिल बघितल्यावर बघितलं.

मालाचं थोडक्यात. साधा एमडीएफ खाच पाडल्यावर आतनं लोकरीसारखा निघतो, पहिला सीलर किंवा प्रायमरचा हात, मग हलकं घासणं, मग दुसरा हात, ह्यात चालढकल केली की पेंट कितीही भारी लावा खाचेच्या तळाला खरखर दिसणारच. एचडीएचएमआर बोर्ड जास्त घट्ट, कड स्वच्छ येते, पैसे जास्त. १२ मिमीच्या पत्र्यावर एकाच बाजूनं ३ मिमी खाचा पाडल्या तर तो पत्रा दोन दिवसांत पापडासारखा वाकतो, मागच्या बाजूला पण सीलर मारा किंवा सरळ १८ मिमी घ्या. सागवानावर लाटा पाडायच्या असतील तर तंतू बघून घ्या, लाट तंतूंच्या दिशेनं धावली की चढाच्या एका बाजूला बिट तंतूंच्या उलटा जातो आणि तिथं चिरफाळ्या उडतात. शेवटचा हात अर्ध्या मिमीचा ठेवला आणि फीड कमी केला की कमी उडतात. आणि धूळ, बाबांनो, एमडीएफची धूळ छातीत जाऊ देऊ नका, मास्क आणि डस्ट कलेक्टर दोन्ही पाहिजेत, नुसतं तोंडाला फडकं बांधून भागत नाही.

आता तो मूळ प्रश्न, ॲस्पायर का व्हीकार्व्ह प्रो. रेषांच्या लाटा, म्हणजे बिटनं रेषेवर खाच पाडायची, एवढंच करायचं असेल तर ॲस्पायरचे जास्तीचे पैसे घालू नका. व्हेक्टर टेक्स्चर, फ्लुटिंग, टेक्स्चर, प्रिव्ह्यू, सगळं प्रोमध्ये आहे. ठराविक आकाराची पट्टी रेषेवर ओढत न्यायचा मोल्डिंग टूलपाथ पण आहे, त्यानं गोलसर लाटांची कड निघते. ॲस्पायर कुठं लागतं, तर जिथं पृष्ठभागच लाटांचा पाहिजे, समुद्रासारखा वर-खाली फुगलेला, कुठं जास्त कुठं कमी, आणि तो आपल्याला स्वतः घडवायचाय. दोन कडांमधे आकार ओढून पृष्ठभाग बनवणं, हातानं चोळून मऊ करणं, हे तिथं. प्रोमध्ये बाहेरनं आणलेलं थ्रीडी मॉडेल ठेवून कापता येतं, पण घडवता येत नाही. आणि खरं सांगू, तसलं थ्रीडी लाटांचं पॅनल फिनिशिंगला बारीक स्टेपओव्हरनं, म्हणजे दोन फेऱ्यांत अगदी कमी अंतर ठेवून चालवायला घेतलं की एका पत्र्याला मशीन दिवसभर अडकतं, कोल्हापुरात त्याचे पैसे देणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. पुण्या-मुंबईत असेल.

अगदीच नवशिक्यानं, छोट्या मशीनवाल्यानं, इंकस्केप आणि सोबत एखादं फुकटातलं टूलपाथ सॉफ्टवेअर घेऊन सुरुवात केली तरी चालतंय. ब्राउझरमध्ये चालणारं ईझल आहे. रेष तीच, बिट तोच. पण हळूहळू विरून जाणारी खाच आणि तो प्रिव्ह्यू ह्यासाठी मी तरी प्रोवर खूश आहे. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो रेषांची आकडेमोड लक्षात न ठेवण्याबद्दल आणि साईन लाटेसाठी दुसऱ्याच्या दारात जायला लागतं त्याबद्दल. पैसे वसूल व्हायला मला पाच पॅनल लागली, त्यात ते पहिलं पट्टेवालं धरलेलं नाही.

ते पहिलं पॅनल, हां, त्याचं राहिलंच. दिवाळी झाल्यावर मी स्वतः फोन करून त्यांना सांगितलं की ते डिझाईन नव्हतं, माझी चूक होती, बदलून देतो. नवीन कापलं, १० उंचीची साईन लाट, पेंट करून लावून आलो, लाईट सोडली, एक पट्टा नाही. घरच्या आजी खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, आधीचंच बरं होतं रे, त्यात पाणी हलल्यासारखं वाटायचं.

जुनं पॅनल आता माझ्या ऑफिसच्या भिंतीला आहे, आणि येणारं प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक विचारतं, हे असं सावलीवालं करून मिळेल का.